माहीत असणं-नसणं इंग्रजीत कसं सांगायचं

इंग्रजी शिकायला लागलं की 'नो' हे क्रियापद अगदी सुरुवातीला भेटतं, आणि मग बरेच जण वर्षानुवर्षं त्या एकट्यावरच काम भागवतात. माहीत आहे, ठाऊक आहे, येतं, कळलं, ओळखतो, जाणवलं... मराठीत यांतला प्रत्येक शब्द आपण न चुकता आपापल्या जागी वापरतो. इंग्रजीत मात्र सगळ्यांची बोळवण 'नो'वर. नकार द्यायचा तर 'आय डोन्ट नो', नाहीतर 'नो आयडिया'. अर्थ पोचतो, नाही असं नाही. पण कधी आपण उद्धट वाटतो, कधी खात्री नसताना ठाम वाटतो, आणि 'डाउट'सारख्या एका शब्दापायी तर नेमका उलटा निरोप जातो.

शब्दांच्या याद्या पाठ करून हे सुटत नाही. बोलण्याआधी मनाशी दोन गोष्टी तपासायची सवय लावली की बरंचसं सुटतं: ही माहिती माझ्यापर्यंत कशी आली, आणि मला तिची खात्री किती आहे? पुढच्या पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती आहेत. काही पायऱ्या दोन मिनिटांत चढून होतील. पाचवी आणि सहावी मात्र सावकाश घ्या.

पायरी १: मराठी क्रियापद कोणतं, ते आधी बघा

मनात वाक्य मराठीतच येणार. ते दाबून टाकू नका, त्याचा फायदा घ्या. मराठीने जो फरक आधीच करून ठेवला आहे, तो इंग्रजीत नेला की काम सोपं होतं.

वाक्यात 'येतं' असेल, तर ते कौशल्य आहे. 'मला पोहता येतं' याचं इंग्रजी 'आय कॅन स्विम' किंवा 'आय नो हाऊ टू स्विम'. 'आय नो स्विमिंग' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण बाहेरच्या कानाला ते अर्धवट वाटतं. आणि 'आय नो टू स्विम' तर चूकच. मधला 'हाऊ' विसरायचा नाही. भाषेच्या बाबतीत सूट आहे: 'आय नो जर्मन' चालतं, तरी 'आय स्पीक जर्मन' जास्त ऐकू येतं. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला 'नोइंग दॅट' आणि 'नोइंग हाऊ' असा भेद करून तत्त्वज्ञानात मोठी चर्चा सुरू केली. सायकलचा तोल कसा राहतो याचं भौतिकशास्त्र माहीत असणं वेगळं आणि सायकल चालवता येणं वेगळं. मराठी बोलणाऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही, कारण 'माहीत असणं' आणि 'येणं' ही आपली दोन वेगळी क्रियापदंच आहेत.

'हाऊ'शिवाय 'नो टू' अगदीच नसतं असं नाही. 'शी न्यू नॉट टू टच इट' म्हणजे हात लावू नये एवढी समज तिला होती. इथे कौशल्याचा संबंध नाही, शहाणपणाचा आहे. सुरुवातीला हे ऐकून ओळखता आलं तरी पुरे.

वाक्यात 'ओळखतो' असेल, तर जरा थांबा, कारण मराठीतल्या या एका शब्दाचे इंग्रजीत तीन तुकडे होतात. प्रत्यक्ष ओळख असेल, बोलणं-चालणं असेल, तर 'आय नो हर'. एखादी प्रसिद्ध व्यक्ती फक्त नावाने किंवा चेहऱ्याने माहीत असेल, तर 'आय नो हू शी इज' किंवा 'आय नो ऑफ हर'. राष्ट्राध्यक्षांबद्दल 'आय नो हिम' म्हटलंत, तर समोरचा चमकून बघेल आणि तुमची भेट कुठे झाली ते विचारेल. तिसरा तुकडा म्हणजे बघितल्यावर ओळख पटणं, त्याला 'रेकग्नाइज'. 'अरे, मी तुला ओळखलंच नाही!' हे 'आय डिडन्ट रेकग्नाइज यू' असंच सांगायचं. तिथे 'आय डिडन्ट नो यू' म्हटलं तर 'आपली तेव्हा ओळखच नव्हती' असा अर्थ निघतो.

'नो', 'नो अबाउट' आणि 'नो ऑफ' यांतही अंतर आहे. 'आय नो द रूल' म्हणजे नियम काय आहे ते मला माहीत आहे. 'आय नो अबाउट द रूल' म्हणजे त्याबद्दल काहीतरी माहिती आहे, किंवा निदान तो लागू झाल्याचं कानावर आलं आहे. 'आय नो ऑफ सच अ रूल' म्हणजे असा नियम अस्तित्वात आहे, एवढंच. मुलाखतीत एखाद्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं आणि तुम्ही फक्त नाव ऐकलं असेल, तर 'आय नो ऑफ इट, बट आय हॅवन्ट यूज्ड इट' हे प्रामाणिक उत्तर आहे आणि ऐकायलाही चांगलं वाटतं.

पायरी २: 'नो'ला 'आयएनजी' लावू नका

माहीत असणं ही अवस्था आहे, चालू क्रिया नव्हे. त्यामुळे 'आय ॲम नोइंग' नाही, आणि 'यू मस्ट बी नोइंग' तर नाहीच. हे दुसरं वाक्य भारतीय इंग्रजीत फार रुजलं आहे. 'तुम्हाला माहीत असेलच' असं सौजन्याने म्हणायचं असेल, तर 'यू प्रॉबब्ली नो' किंवा पत्रात 'ॲज यू मे नो' पुरतं. 'बिलीव्ह' या क्रियापदाचंही तेच. 'थिंक'ला मात्र 'आयएनजी' लागतं आणि अर्थ बदलतो: 'आय थिंक' म्हणजे माझं मत आहे, 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे विचार चालू आहे. 'नोइंग' दिसतं ते बहुधा विशेषण म्हणून. 'अ नोइंग स्माइल' म्हणजे 'मला सगळं कळलंय' असं सुचवणारं हसू. आणि 'नोइंगली' म्हणजे जाणूनबुजून.

पायरी ३: 'कळलं' याचे पदर सोडवा

मराठीतलं 'कळलं' हे विलक्षण सोयीचं क्रियापद आहे. कोणी सांगितलं तरी कळतं, शोधून काढलं तरी कळतं, अचानक डोक्यात प्रकाश पडला तरी कळतंच. इंग्रजीत मात्र कसं कळलं तेही क्रियापदातच सांगावं लागतं. पहिला प्रश्न, माहिती कशी आली, इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

कोणाकडून ऐकलं असेल तर 'आय हर्ड'. चौकशी करून किंवा योगायोगाने कळलं तर 'आय फाउंड आउट'. 'आय लर्न्ड' हे त्याच अर्थाचं पण थोडं औपचारिक. बातम्यांत ते फार दिसतं. गोष्ट समोरच होती, लक्षात आता आली, तर 'आय रिअलाइज्ड'. डोळ्यांना दिसलं तर 'आय नोटिस्ड'. डोकं खाजवून, जुळवाजुळव करून उलगडलं तर 'आय फिगर्ड इट आउट' किंवा ब्रिटिश ढंगाने 'आय वर्क्ड इट आउट'. बोलण्यावरून अंदाज बांधला तर 'आय गॅदर'. उदाहरणार्थ, 'आय गॅदर यू आर लीव्हिंग'. म्हणजे तुम्ही स्पष्ट सांगितलं नाहीत, पण एकूण रंगावरून मला कळलं.

'फाउंड आउट' आणि 'रिअलाइज्ड' यांत नवशिके हमखास गोंधळतात. तपासायची युक्ती सोपी आहे: माहिती बाहेरून आली की आतून? किल्ली घरीच राहिली हे दारात उभं राहिल्यावर लक्षात येतं, ते 'रिअलाइज्ड'. गाडी रद्द झाल्याचं फलकावर वाचलं, ते 'फाउंड आउट'. परीक्षेच्या निकालाला 'आय रिअलाइज्ड दॅट आय पास्ड' म्हटलंत, तर निकाल आधीच हातात होता आणि तुम्हाला तो उशिरा उमगला, असं चित्र उभं राहतं.

आता 'आय केम टू नो'बद्दल. भारतात 'कळलं'चा हा ठरलेला अनुवाद होऊन बसला आहे. व्याकरण चुकत नाही, पण त्याला संथ गती आहे: हळूहळू, सहवासातून एखादी गोष्ट किंवा माणूस कळत जाणं. 'ओव्हर द इयर्स आय केम टू नो हर वेल', हे सुंदर वाक्य आहे. 'आय केम टू नो दॅट टुमॉरो इज अ हॉलिडे' हे मात्र एका सुट्टीसाठी फारच लांबचा प्रवास झाला. तिथे 'आय हर्ड' म्हणा आणि मोकळे व्हा.

'अंडरस्टँड'चाही एक छुपा उपयोग आहे. 'आय अंडरस्टँड दॅट यू आर मूव्हिंग' यात समजून घेण्यासारखं अवघड काही नाही. 'तुम्ही जागा बदलताय असं कळलं, बरोबर ना?' असं नम्रपणे विचारण्याची ही पद्धत आहे.

पायरी ४: प्रश्न पोटात गेला की उलटा करायचा नाही

ही पायरी लहान आहे, पण इथल्या चुका सर्वांत जास्त. 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे माहीत नाही', मराठीत दोन्हीकडे शब्दांचा क्रम तोच. इंग्रजीत सुटा प्रश्न 'व्हेअर इज ही?', पण तोच 'आय डोन्ट नो'च्या पोटात गेला की 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' चूक. 'डू यू नो व्हॉट टाइम इट इज?' बरोबर. 'डू', 'डझ', 'डिड' असतील तर तेही गळतात: 'आय डोन्ट नो व्हॉट ही वॉन्ट्स', तिथे 'व्हॉट डझ ही वॉन्ट' नको.

'की नाही' असेल तर 'व्हेदर' किंवा 'इफ'. 'ती येणार की नाही माहीत नाही' म्हणजे 'आय डोन्ट नो व्हेदर शी इज कमिंग'. पुढे 'ऑर नॉट' जोडलं तरी चालतं, नाही जोडलं तरी बिघडत नाही.

पायरी ५: खात्री किती, ते मोजून बोला

आता दुसरा प्रश्न. माहीत आहे आणि माहीत नाही यांच्यामध्ये मोठा पट्टा आहे आणि आपलं रोजचं बोलणं बहुतेक त्या पट्ट्यातच चालतं. मराठीत 'असेल' या एका रूपावर सगळं भागतं, आणि सोबत 'नक्की', 'बहुतेक', 'कदाचित' लावून आपण पारडं झुकवतो. 'ती घरी पोचली असेल' याची इंग्रजीत निदान तीन वाक्यं होतात. पुरावा पाहून तर्क केला असेल, समजा तिच्या खिडकीत दिवा दिसतोय, तर 'शी मस्ट बी होम बाय नाऊ'. वेळापत्रकाप्रमाणे पोचायला हवी, तर 'शी शुड बी होम बाय नाऊ'. नुसती शक्यता असेल, तर 'शी माइट बी होम बाय नाऊ'. 'मस्ट' हा शब्द बराच जड आहे; साध्या अंदाजाला तो लावू नका. आणि या 'मस्ट'चा नकार 'मस्ट नॉट' नव्हे, 'कान्ट'. 'तो खरं बोलत असणं शक्यच नाही' म्हणजे 'ही कान्ट बी टेलिंग द ट्रूथ'.

मग 'प्रॉबब्ली', 'लाइकली', 'पॉसिबली', 'परहॅप्स' यांची उतरंड कशी लावायची? याचं उत्तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही सहज देता येत नाही, आणि त्याचा एक नोंदलेला किस्सा आहे. अमेरिकी गुप्तचर संस्थेतले विश्लेषक शर्मन केंट यांच्या विभागाने १९५१ साली एक अहवाल तयार केला. युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असं त्यात म्हटलं होतं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने याचा अर्थ विचारला, तेव्हा केंट म्हणाले की त्यांच्या मनात हल्ल्याच्या बाजूने साधारण ६५ विरुद्ध ३५ असं प्रमाण होतं. अधिकाऱ्याला धक्का बसला, कारण त्याने शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली. एकाच अहवालावर एकमताने सही केलेल्या या लोकांचे आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले! पुढे १९६४ मध्ये केंट यांनी एक तक्ताच सुचवला: 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे ९३ टक्क्यांच्या आसपास, 'प्रॉबेबल' म्हणजे ७५ च्या आसपास, 'प्रॉबब्ली नॉट' म्हणजे ३० च्या आसपास.

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांतही शब्द असेच आकड्यांना बांधलेले असतात. 'लाइकली' म्हणजे ६६ टक्के किंवा अधिक, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० किंवा अधिक, 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे ९९ किंवा अधिक. खाली 'अनलाइकली' म्हणजे ३३ पर्यंत आणि 'व्हेरी अनलाइकली' म्हणजे १० पर्यंत. रोजच्या बोलण्यात कोणी टक्के मोजत नाही, पण नवशिक्याने निदान उतरंड अशी धरावी: 'सर्टनली' आणि 'डेफिनेटली' सर्वांत वर, मग 'प्रॉबब्ली', मग 'परहॅप्स' आणि 'मेबी', तळाशी 'पॉसिबली'. लिहिताना 'मेबी' एक शब्द म्हणून आला तर 'कदाचित', आणि 'मे बी' असा सुटा आला तर ते क्रियापद.

'शुअरली' मात्र या उतरंडीत बसवू नका. दिसायला ते 'नक्कीच' वाटतं, पण 'शुअरली यू नो हिम?' म्हणजे 'तू त्याला ओळखत नाहीस? असं कसं होईल!' त्यात खात्री कमी आणि आश्चर्य जास्त असतं. 'येतो नक्की' या अर्थाने 'आय विल शुअरली कम' लिहिण्यापेक्षा 'आय विल डेफिनेटली कम' लिहिलेलं बरं.

पायरी ६: 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' यांची दिशा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

मराठीत 'शंका' आणि 'संशय' दोन्ही बाजूंना झुकतात. 'तो येईल का, शंकाच आहे' यात तो न येण्याकडे कल आहे. 'त्यानेच घेतलं असेल अशी मला शंका आहे' यात त्यानेच घेतल्याकडे कल आहे. इंग्रजीत या दोन दिशांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. 'आय डाउट' म्हणजे तसं नसावं. 'आय सस्पेक्ट' म्हणजे तसंच असावं.

'आय डाउट ही टुक इट' म्हणजे 'त्याने घेतलं असेल असं मला वाटत नाही'. 'आय सस्पेक्ट ही टुक इट' म्हणजे 'त्यानेच घेतलं असावं'. संशयिताचं नाव सांगताना पहिलं वाक्य वापरलंत, तर तुम्ही त्याची बाजू घेतलीत! शिक्षिकेला 'आय डाउट माय आन्सर इज राँग' असं कोणी सांगितलं, तर तिला वाटतं की याला स्वतःच्या उत्तराचा भरवसा आहे. त्याला म्हणायचं असतं की उत्तर बहुधा चुकलंय. 'सस्पेक्ट' फक्त गुन्ह्यापुरतं नाही. 'आय सस्पेक्ट वुई विल बी लेट', आपल्याला उशीर होणार असं दिसतंय, इतक्या साध्या गोष्टीलाही ते चालतं. नकोशा गोष्टीच्या अंदाजाला ते विशेष शोभतं.

'डाउट'चं दुसरं दुखणं वर्गातलं. 'सर, आय हॅव अ डाउट' हे आपल्याकडे इतकं रूढ आहे की ते चूक म्हणवत नाही. भारतीय इंग्रजीत त्याचा अर्थ 'मला एक प्रश्न आहे' असाच आहे आणि देशात बोलताना खुशाल म्हणा. पण इतर ठिकाणी 'आय हॅव डाउट्स अबाउट युअर प्लॅन' म्हटलं की 'मला तुमची योजना पटलेली नाही' असा अर्थ लागतो. वक्त्याला भाषणानंतर 'आय हॅव अ डाउट' म्हणालात, तर तो बचावाच्या पवित्र्यात जाईल. 'आय हॅव अ क्वेश्चन' सगळीकडे निर्धोक आहे.

आणखी एक गंमत. 'नो डाउट' आणि 'डाउटलेस' यांचा शब्दशः अर्थ 'निःसंशय', पण प्रत्यक्षात ते पुष्कळदा 'बहुधा असेल बुवा' इतक्याच जोराने येतात. 'नो डाउट ही हॅज हिज रीझन्स' म्हणजे 'असतील त्याची काही कारणं'. खरोखरच शंकेला जागा नसेल, तर 'विदाउट अ डाउट' किंवा 'अनडाउटेडली' घ्या.

पायरी ७: 'थॉट' की 'न्यू'?

भूतकाळात हा फरक फार बोलका होतो. 'ही न्यू शी वॉज इल' म्हटलं की ती आजारी होती, हे बोलणाऱ्यालाही मान्य आहे. 'ही थॉट शी वॉज इल' यात ती आजारी होती की नव्हती ते उघडंच राहतं, आणि बरेचदा नव्हती असंच सूचित होतं. आपल्या 'मला वाटलं'सारखंच. 'नो' आणि 'रिअलाइज' ही क्रियापदं पुढच्या गोष्टीचं खरेपण गृहीत धरतात. 'थिंक' आणि 'बिलीव्ह' धरत नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं सांगताना हे भान ठेवा. 'ही रिअलाइज्ड द कंपनी वॉज चीटिंग हिम' लिहिलंत, तर फसवणुकीचा आरोप तुम्हीही केलात.

'अझ्यूम' आणि 'प्रिझ्यूम' यांचं थोडक्यात. काही आधार असेल तर 'प्रिझ्यूम', आधार नसताना धरून चाललात तर 'अझ्यूम'. १८७१ मध्ये आफ्रिकेत उजीजी इथे पत्रकार स्टॅन्ली यांना बेपत्ता समजले गेलेले लिव्हिंग्स्टन सापडले, तेव्हा 'डॉक्टर लिव्हिंग्स्टन, आय प्रिझ्यूम?' असं आपण म्हणालो, असं स्टॅन्ली यांनी सांगितलं. त्या मुलखात दुसरा युरोपीय माणूस कुठून असणार, हा आधार होताच. 'गेस' हा बोलण्यातला शब्द. अमेरिकी 'आय गेस सो' हे 'असेल' इतकंच हलकं असतं.

पायरी ८: माणसाला विशेषण लावताना जपून

न जाणणाऱ्याला काय म्हणायचं? इथे कोशातला अर्थ पुरत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक शब्दात एक निवाडा दडलेला असतो.

'अनअवेअर' सर्वांत निरुपद्रवी: त्याला माहीत नव्हतं, बस. 'ऑब्लिव्हिअस' म्हणजे भोवती काय चाललंय याचं भानच नाही. 'अनइन्फॉर्म्ड' म्हणजे माहिती मिळालेली नाही, 'मिसइन्फॉर्म्ड' म्हणजे चुकीची मिळाली आहे. 'नाईव्ह' म्हणजे भाबडा. त्यात थोडी कीव असते. 'क्लूलेस' म्हणजे काडीचीही कल्पना नसलेला, आणि ते बोलणं टोचणारं असतं. 'इग्नोरंट' मात्र तोंडातून काढण्यापूर्वी दोनदा विचार करा. 'इग्नोरंट ऑफ द रूल्स' असं एखाद्या गोष्टीपुरतं म्हटलं तर ते सहन होतं, पण 'ही इज इग्नोरंट' ही सरळ शिवी आहे, 'अडाणी' म्हटल्यासारखी. स्वतःबद्दल बोलतानाही 'आय ॲम इग्नोरंट अबाउट धिस' पेक्षा 'आय डोन्ट नो मच अबाउट धिस' चांगलं. एखाद्या क्षेत्रातला नसलेला तो 'लेपर्सन', नुकता शिकणारा तो 'बिगिनर' किंवा 'नॉव्हिस'. यांत कमीपणा काही नाही.

'इग्नोर' हे 'इग्नोरंट'चं क्रियापद आहे असं समजू नका. 'इग्नोर' करायला आधी माहीत असावं लागतं. 'ही इग्नोर्ड माय मेसेज' म्हणजे निरोप मिळाला, पाहिला, आणि दुर्लक्ष केलं. तुमचा निरोप पोचलाच नसेल, तर हे वाक्य अन्यायाचं होईल.

हे शब्द लक्षात ठेवायला त्यांची घराणी कामाला येतात. 'नो'च्या स्पेलिंगमधला पहिला 'के' आज मुका आहे, पण एके काळी तो उच्चारला जायचा. तो उच्चारून बघा, म्हणजे ग्रीक 'ग्नोसिस' आणि संस्कृत 'ज्ञा' यांच्याशी असलेलं नातं कानाला जाणवेल. आपलं 'जाणणं' याच घरातलं. म्हणून अनोळखी इंग्रजी शब्दात 'ग्न' दिसला तर कळण्याशी काही संबंध आहे का ते पाहा: 'रेकग्नाइज', 'डायग्नोसिस', 'इनकॉग्निटो', 'इग्नोरंट'. 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द थॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला: ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही असं मानणारा. नास्तिकाला 'ॲग्नॉस्टिक' म्हणू नका. नास्तिकाचा निर्णय झालेला असतो.

दुसरं घराणं आपल्या 'विद्'चं, म्हणजे वेद आणि विद्या यांचं. त्यातून 'विज्डम', 'विटनेस' आणि 'अनविटिंगली' आले. 'अनविटिंगली' म्हणजे नकळत, अजाणता. तिसरं लॅटिन घराणं 'सायन्स', 'कॉन्शस' आणि 'ऑम्निशंट' यांचं. 'ऑम्निशंट' म्हणजे सर्वज्ञ. याच घराण्यात एक बिघडून सुधारलेला नातेवाईक आहे, 'नाइस'. त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'काही न जाणणारा', मग 'मूर्ख', आणि कित्येक शतकं कूस बदलत बदलत तो 'छान' झाला. 'अनकूथ'चं नशीब उलटं: मूळ अर्थ फक्त 'अनोळखी', आज मात्र 'असंस्कृत'.

माहीत असलेल्यांच्या बाजूलाही एक सापळा आहे. 'नोटोरिअस' म्हणजे प्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. पाहुण्यांची ओळख करून देताना 'वेल-नोन' किंवा 'रिनाउन्ड' घ्या.

पायरी ९: 'मला माहीत नाही' हे माणुसकीने सांगा

'आय डोन्ट नो' एवढंच म्हणून थांबलं की दार लावून घेतल्यासारखं होतं. 'नो आयडिया' त्याहून तुटक. कामाच्या ठिकाणी 'आय ॲम नॉट शुअर, लेट मी फाइंड आउट' म्हणा. उत्तर नसलं तरी तुम्ही प्रश्न हातात घेतलात हे दिसतं. पुरती खात्री नसताना उत्तर द्यायचं तर आधी 'ॲज फार ॲज आय नो' लावा. 'असं काही झालंय का?' याला 'नॉट दॅट आय नो ऑफ' म्हणजे 'माझ्या माहितीत तरी नाही'. 'आय वुडन्ट नो' मात्र सांभाळून वापरा: 'मला कुठून माहीत असणार?' असा चढा सूर त्यात येऊ शकतो.

काही वाक्यं दिसतात तशी नसतात. 'आय डोन्ट नो अबाउट दॅट' हे पुष्कळदा अज्ञान नसून असहमती असते: मला काही ते पटत नाही. 'टेल मी अबाउट इट' ऐकून सांगायला सुरुवात करू नका. 'मला विचार, मीही भोगलंय' असं त्याला म्हणायचं असतं. कोणी दुःख सांगताना 'आय नो' हळू आवाजात म्हटलं तर ती सहानुभूती, पण कोणी सूचना देत असताना तेच म्हटलं तर 'शिकवू नका मला'. सूचना ऐकताना 'आय सी' किंवा 'ऑल राइट' बरं.

पायरी १०: एक जुनं पत्र दुरुस्त करा

आपल्या पाठवलेल्या पत्रांतलं एखादं काढा आणि त्यात 'नो', 'डाउट' आणि 'मस्ट' कुठे आलेत ते शोधा. नमुन्यादाखल हे पत्र घ्या: 'आय केम टू नो दॅट द मीटिंग इज पोस्टपोन्ड. आय ॲम नॉट नोइंग व्हेन इज द नेक्स्ट मीटिंग. यू मस्ट बी नोइंग. आय डाउट इट विल बी ऑन मंडे. आय ऑल्सो हॅव अ डाउट अबाउट द रिपोर्ट.'

दुरुस्त केल्यावर: 'आय हर्ड दॅट द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड. डू यू नो व्हेन द नेक्स्ट वन इज? आय थिंक इट माइट बी ऑन मंडे, बट आय ॲम नॉट शुअर. आय ऑल्सो हॅव अ क्वेश्चन अबाउट द रिपोर्ट.'

मधलं 'यू मस्ट बी नोइंग' पूर्ण गळलं, कारण 'डू यू नो' विचारल्यावर त्याची गरजच उरत नाही. मूळ पत्रातला 'डाउट' सोमवारच्या विरोधात जात होता, म्हणून तिथे 'थिंक' आलं. 'सस्पेक्ट'ही चाललं असतं, पण मग सोमवार तुम्हाला गैरसोयीचा आहे अशी छटा आली असती. हे पत्र वरिष्ठांना जाणार असेल, तर 'आय हर्ड'च्या जागी 'आय अंडरस्टँड' घाला. सहकाऱ्याला लिहीत असाल, तर आहे तेच ठेवा.